तिकिटाचे पैसे कोणी भरले?

परदेशी जाऊन वसलेल्या घराण्यांचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण जहाजापासून सुरुवात करतात. जहाजाचे नाव, निघाल्याचे बंदर, पोहोचल्याची तारीख, वाटेत किती जण दगावले आणि किती जन्मले, हे सगळे हौसेने आणि बारकाईने लिहिले जाते. मला मात्र अशा प्रत्येक हकिकतीत आधी एकच गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते, ती म्हणजे या माणसाच्या तिकिटाचे पैसे कोणी भरले. हिशेब तपासणे हा माझा पेशा असल्याने हा प्रश्न मला सुचत असेल. पण सिडनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींचे जुने कागद त्यांच्यासोबत वाचताना याच एका प्रश्नाने मला त्यांच्या घराण्यात खोलवर नेले. शिवाय या देशाच्या इतिहासाकडे पाहण्याची माझी रीतही त्याने बदलली.

आजींच्या घराण्यात दोन धारा येऊन मिळाल्या आहेत. एक इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातली आणि दुसरी आयर्लंडच्या पश्चिमेकडील क्लेअर परगण्यातली. त्यांचे एका बाजूचे खापरपणजोबा आणि दुसऱ्या बाजूची खापरपणजी एकोणीस वर्षांच्या अंतराने याच सिडनी बंदरात उतरले. दोघेही निष्कांचन होते, आणि स्वतःच्या पैशाने तिकीट काढणे दोघांनाही सात जन्मांत जमले नसते.

खापरपणजोबांचा कागद आधी हाती लागला, कारण कैद्यांची दप्तरे उत्तम जपली गेली आहेत. ज्या माणसाने आयुष्यात कधी आरशात स्वतःला नीट पाहिले नसेल, त्याचे इतके तपशीलवार वर्णन सरकारी कारकुनाने लिहून ठेवले आहे की छायाचित्र नसल्याची खंत वाटू नये. उंची, वर्ण, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, दंडावरची गोंदलेली अक्षरे, वाचता येते पण लिहिता येत नाही, धर्म प्रॉटेस्टंट, विवाहित, मुले दोन, धंदा नांगरणी आणि मेंढपाळी. गुन्ह्याच्या रकान्यात लिहिले आहे, यंत्र मोडणे. शिक्षा सात वर्षे.

हे यंत्र मळणीचे होते. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या शेतमजुराला कापणीनंतर हिवाळाभर पुरणारे एकच काम असे, ते म्हणजे खळ्यावर धान्य झोडपणे. सामायिक कुरणांना कुंपणे पडून ती आधीच जमीनदारांकडे गेली होती, विल्टशरमध्ये आठवड्याची मजुरी सात-आठ शिलिंगांवर अडकली होती, आणि त्यात मळणी यंत्राने हिवाळ्याचे कामही हिरावून घेतले. 1830 च्या उन्हाळ्याअखेर केंट परगण्यात पहिले यंत्र फुटले आणि हिवाळा लागेपर्यंत हे लोण दक्षिण इंग्लंडभर पसरले. ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक पुढाऱ्याच्या सहीची धमकीपत्रे शेतमालकांच्या दारात पडू लागली. सरकारने खास न्यायालये बसवली. 19 जणांना फाशी झाली आणि 480 च्या आसपास माणसे ऑस्ट्रेलियाला पाठवली गेली. आजींचे खापरपणजोबा 1831 मध्ये ‘एलेनॉर’ या जहाजातून सिडनीला आले, ते या माणसांपैकी एक. त्यांचे तिकीट इंग्लंडच्या सरकारी तिजोरीने भरले, आणि त्याची फेड त्यांनी यास गावाजवळच्या एका मेंढवाड्यावर बिनपगारी राबून केली.

1835 नंतर या बंडखोरांना टप्प्याटप्प्याने माफी मिळत गेली, पण परतीचे भाडे कोणी दिले नाही. आजींचे खापरपणजोबा इथेच राहिले. त्या दशकाच्या अखेरीस त्यांचे नाव दुसऱ्या एका स्त्रीच्या नावासोबत चर्चच्या नोंदवहीत येते. विल्टशरमधल्या बायकोचे आणि दोन मुलांचे पुढे काय झाले, याबद्दल त्यांच्या बाजूचा एकही कागद बोलत नाही. आजींनी तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्या ‘मुले दोन’ या शब्दांवर बोट ठेवून बसल्या होत्या. “माझ्या घराण्याचा पाया या दोघांच्या वाट्यावर घातला गेला आहे,” असे त्या म्हणाल्या, आणि मला त्यावर काही बोलता आले नाही.

खापरपणजोबा आले त्याच 1831 मध्ये लंडनहून न्यू साऊथ वेल्ससाठी, म्हणजे सिडनी ज्यात येते त्या वसाहतीसाठी, एक नियमावली निघाली, जी रिपन नियमावली म्हणून ओळखली जाते. तोवर वसाहतीतली जमीन गव्हर्नर मर्जीतल्या माणसांना फुकट देत असे. ती रीत थांबली आणि जमिनीचा लिलाव होऊ लागला. सुरुवातीची किमान किंमत एकरी पाच शिलिंग होती, 1842 च्या कायद्याने ती एक पौंड झाली. या विक्रीच्या पैशातून ब्रिटनमधल्या गरिबांना जहाजाचे भाडे देऊन इकडे आणायचे, म्हणजे जमीन विकत घेणाऱ्याला मजूर मिळतील, मजुरांमुळे जमिनीला भाव येईल आणि त्या भावातून आणखी मजूर येतील, असे हे चक्र होते. जमाखर्चाच्या दृष्टीने योजना चोख होती. जमेच्या बाजूला जमीन आणि खर्चाच्या बाजूला माणसे. फक्त जमेच्या बाजूची ती जमीन विकणाऱ्याकडे कशी आली, याची नोंद त्या वहीत कुठेही नाही. 1788 मध्ये इंग्रजांनी इथे झेंडा रोवला तेव्हा इथल्या मूळ रहिवाशांशी, म्हणजे गादिगल लोकांशी किंवा पुढे आत शिरताना ननवल आणि विराजुरी लोकांशी कोणताही करार झाला नाही, मोबदला दिला गेला नाही. ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, हे गृहीतक ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने थेट 3 जून 1992 रोजी, एडी माबो या मूळ रहिवाशाच्या खटल्यात, फेटाळले.

क्लेअरच्या मुलीचे तिकीट याच वहीतून निघाले. तिच्याविषयी सावकाश लिहायला हवे, कारण तिच्याबद्दल घरात कोणी कधी सावकाश बोललेच नव्हते. आजींना लहानपणी एवढेच सांगितले गेले होते की खापरपणजी ‘क्लेअरमधल्या शेतावरून’ आली. शेत होते हे खरे. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला, पुढच्या वर्षी पीक जवळपास पूर्ण गेले, आणि ज्या देशात लाखो कुटुंबे जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होती तिथे सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापांनी मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. 1841 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 81 लाखांवर होती, 1851 मध्ये ती 65 लाखांवर आली. त्याच काळात धान्य आणि जनावरे आयर्लंडच्या बंदरांतून इंग्लंडला जातच होती. लंडनच्या अर्थखात्यात मदतकार्याची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते चार्ल्स ट्रेव्हेलियन त्याआधी हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत होते आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. दुष्काळाकडे पाहण्याची ही सरकारी नजर आपल्याला अनोळखी नाही.

1847 च्या कायद्यात एक कलम घातले गेले. पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही. मुलाबाळांच्या तोंडात घास पडावा म्हणून माणसांनी जमिनी सोडून दिल्या आणि वर्कहाऊसचा, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात कोंडून पोसणाऱ्या सरकारी आश्रयगृहाचा, रस्ता धरला. दारातच नवरा, बायको आणि मुले वेगवेगळ्या विभागांत पाठवली जात. रोजचे अन्न म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी. आजींची खापरपणजी एनिसच्या वर्कहाऊसमध्ये होती. आई-वडील दोघेही मृत, असे तिच्या नावापुढे लिहिले आहे, वय सोळा.

वसाहतींचे मंत्री अर्ल ग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली 1848 ते 1850 या काळात आयरिश वर्कहाऊसमधल्या चार हजारांहून अधिक मुली ऑस्ट्रेलियाला पाठवल्या गेल्या. बहुतेकींचे वय 14 ते 20 होते. वर्कहाऊसवरचा बोजा कमी व्हावा आणि पुरुषांची गर्दी झालेल्या वसाहतीत मोलकरणी आणि पुढे बायका मिळाव्यात, हा दुहेरी हेतू होता. कपडालत्ता आणि प्लिमथ बंदरापर्यंतचा प्रवासखर्च आयर्लंडमधल्या वर्कहाऊसने करायचा आणि समुद्रप्रवासाचे भाडे वसाहतीच्या जमीनविक्रीतून द्यायचे, अशी वाटणी ठरली होती.

प्रत्येक मुलीला एक लाकडी पेटी मिळे, तिच्या दर्शनी बाजूवर मुलीचे नाव रंगवलेले असे. आत काय असावे याची यादीच ठरलेली होती. आतून घालायचे सहा झगे, फलालीनचे दोन परकर, पायमोज्यांचे सहा जोड, बुटांचे दोन जोड, दोन पोशाख आणि त्यांपैकी एक उबदार कापडाचा. धर्मानुसार बायबल आणि प्रार्थनेचे पुस्तक. ही यादी मी आजींना मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. “म्हणजे तिला आयुष्यात पहिल्यांदा बुटांचे दोन जोड मिळाले, आणि ते देश सोडताना,” त्या म्हणाल्या. मला त्या यादीत आणखी एक गोष्ट दिसत होती. वर्कहाऊसमध्ये शिरताना माणसाचे स्वतःचे कपडे काढून घेऊन संस्थेचे अंगावर चढवले जात. आता या पेटीतल्या वस्तू तिच्या होत्या, आणि वर तिचे नाव होते.

तिचे जहाज होते ‘थॉमस आर्बथनॉट’. ते ऑक्टोबर 1849 मध्ये प्लिमथहून निघाले आणि फेब्रुवारी 1850 च्या सुरुवातीला सिडनीला लागले. जहाजावर गॉलवे, क्लेअर आणि केरी इथल्या मुली होत्या आणि त्यांच्या देखरेखीसाठी चार्ल्स स्ट्रट नावाचे इंग्रज डॉक्टर होते. या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्यांची जबाबदारी सिडनीच्या धक्क्यावर संपली होती. पण शंभराहून अधिक मुलींना आतल्या भागात, यास आणि गंडगाई इथे न्यायचे ठरले तेव्हा ते गाड्यांच्या त्या तांड्यासोबत स्वतः गेले. वाटेवरच्या वस्त्यांवर मालकाचे घर पाहून, पगाराची बोलणी करून, मगच ते मुलगी तिथे ठेवत. त्यांनी रोजनिशी लिहिली होती, म्हणून हे आज कळते. मुलींच्या हातची रोजनिशी कोणाच्या पाहण्यात नाही; त्यांपैकी बहुतेकींना लिहायला कोणी शिकवलेच नव्हते.

या मुलींचे वसाहतीने कसे स्वागत केले, हे त्या काळच्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळते आणि वाचताना अंगावर काटा येतो. त्यांना स्वयंपाक येत नाही, त्या आळशी आहेत, उद्धट आहेत, दिसायला ओबडधोबड आहेत, अशा तक्रारी सिडनी आणि मेलबर्नच्या प्रतिष्ठितांनी छापून आणल्या. ज्या मुलीने झोपडीत बटाटे उकडलेले आणि वर्कहाऊसमध्ये लापशी ढवळलेली एवढेच पाहिले, तिला मांस भाजता येत नाही म्हणून ती नालायक ठरली. त्या कॅथलिक होत्या हे दुखणे तर होतेच, आणि त्यांच्या भाड्यासाठी आमच्या जमिनीचा पैसा का खर्च करता, हा सवालही होता. ‘आमची जमीन’ असे शब्द वापरणाऱ्यांपैकी कित्येक जण जेमतेम वीस-तीस वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर उतरले होते. या विरोधामुळे 1850 मध्येच योजना गुंडाळली गेली.

सिडनीत उतरलेल्या मुलींना ज्या इमारतीत ठेवले जाई ती हाइड पार्क बॅरॅक्स आजही शहराच्या मध्यावर उभी आहे. फ्रान्सिस ग्रीनवे या स्वतः कैदी म्हणून आलेल्या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि 1819 मध्ये पुरुष कैद्यांसाठी ती उघडली. म्हणजे आजींच्या दोन्ही धारांना लागू पडणारी ही एकच वास्तू. पुढे उंदरांनी लाकडी जमिनीखाली बिळांत ओढून नेलेल्या चिंध्या, सुया, कागदाचे कपटे, जपमाळांचे मणी अशा हजारो वस्तू पुरातत्त्वज्ञांना तिथे सापडल्या. सरकारने जे जपले नाही ते उंदरांनी जपले. काचेखाली ठेवलेला शिवणकामाचा एक तुकडा आजी खूप वेळ पाहत होत्या. बारीक, घट्ट, सरळ टाके होते. तो नेमका कोणाच्या हातचा हे कळायला मार्ग नाही, आणि आजींनी तसे काही मानूनही घेतले नाही. हा त्यांचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण घराण्याच्या शोधात निघालेल्या माणसाला समोर दिसेल ती वस्तू आपली वाटू लागते.

बाहेरच्या भिंतीत 1999 मध्ये उभारलेले दुष्काळाचे स्मारक आहे. भिंतीचा एक भाग फिरवून आडवा केला आहे, एक मेज तिच्या आरपार गेले आहे, त्यावर रिकामा वाडगा आहे आणि काचेवर चारशेहून अधिक मुलींची नावे पुसट होत गेलेली दिसतात. ते घडवणाऱ्या दोघांपैकी हुसेन वालामनेश हे स्वतः इराणहून येऊन इथे वसलेले शिल्पकार होते.

आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत माझ्याकडे आहे. मूळपुरुषापासून बारा-तेरा पिढ्यांची त्यात नोंद आहे. पण त्यात मुली येतात त्या केवळ ‘कन्या’ म्हणून, पुढे सासरचे आडनाव, आणि तिथे रेघ संपते. आजींच्या घराण्यात उलटे घडले आहे. वर्कहाऊसच्या वहीत, जहाजाच्या यादीत, नोकरीच्या करारात, सरकारला त्या मुलीचा पैसे खर्च झालेला जिन्नस म्हणून हिशेब ठेवायचा होता, म्हणून तिचे नाव, गाव, आई-बापांची नावे, धर्म आणि अक्षरओळख सगळे लिहिले गेले. तिच्यावर माया करणाऱ्या कोणी ते लिहिले नाही, तरी तिच्या वंशजांना ती याच कागदांतून भेटते. आयर्लंडमध्ये तिच्या मागे गेले की वाट बंद होते. जून 1922 मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतले सार्वजनिक दप्तरखाने जळाले आणि 1821 ते 1851 च्या जनगणनांची बहुतेक पाने राख झाली. सिडनीतही सप्टेंबर 1882 मध्ये गार्डन पॅलेस ही प्रदर्शनाची इमारत जळाली आणि 1881 ची जनगणना त्यात गेली. कागद जळतात, पण घरातले मौनही तितकेच पुसून टाकते. खापरपणजोबांचे कैदीपण आणि खापरपणजीचे वर्कहाऊस, दोन्ही गोष्टी त्यांच्याच मुलांनी दाबून टाकल्या. ती तर पुढे प्रॉटेस्टंट घरात विहीण झाली, तेव्हा लेकीचे लग्न चर्चच्या वेदीसमोर न लागता मागच्या खोलीत, फुलांशिवाय, उरकले गेले. मिश्र विवाहांची तशीच रीत होती.

तिची नोकरी लागली गंडगाईला, मरंबिजी नदीच्या पूरमैदानात. तिथे वस्ती करू नका, असे विराजुरी लोकांनी गोऱ्यांना बजावले होते, असे सांगितले जाते. जून 1852 मध्ये रात्री नदी चढली आणि सुमारे अडीचशे वस्तीच्या त्या गावातली जवळजवळ एक तृतीयांश माणसे वाहून गेली. यारी आणि जॅकी जॅकी या विराजुरी पुरुषांनी झाडाच्या सालीच्या होडीतून आणि दुसऱ्या बोटीतून फेऱ्या मारून 69 माणसे वाचवली. गंडगाईत 2017 मध्ये त्यांचा कांस्यपुतळा उभा राहिला. आजींच्या घरात पुराची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खापरपणजी रात्रभर छपरावर होती आणि सकाळी तिला ‘कोणीतरी’ होडीत घेतले. त्या कोणीतरीला घरच्या गोष्टीत नाव नाही, रंग नाही. ती यारींच्या होडीत बसली होती असे सिद्ध करणारा कागद आम्हाला मिळालेला नाही, आणि आम्ही तसे लिहिणारही नाही. पण त्या पुरात माणसे वाचवणाऱ्यांत कोण होते हे गावाला तेव्हाही ठाऊक होते. यारी आणि जॅकी जॅकी यांना कृतज्ञता म्हणून पितळी पाट्या देण्यात आल्या होत्या. तरीही घरातल्या गोष्टीतून ते गळून गेले.

याच ठिकाणी तिकिटाचा हिशेब पूर्ण होतो. ज्यांची जमीन विकून तिचे भाडे भरले गेले, त्याच लोकांपैकी दोघे जण, त्याच जमिनीवरच्या पुरात, विकत घेणाऱ्यांचे जीव वाचवायला रात्रभर पाण्यात होते. क्लेअरच्या त्या मुलीने कोणाचे काही लुबाडले असे मी म्हणत नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते. तिची स्वतःची जमीन पाव एकराच्या कलमाने गेली होती आणि तिचे आई-वडील त्यात गेले होते. पण तिचा नवरा, एक इंग्रज गाडीवान, 1861 च्या जमीनवाटपाच्या कायद्यानंतर चाळीस एकरांचा धनी झाला, आणि ती जमीन विराजुरींची होती. बेदखल झालेल्यांची लेक दुसऱ्यांना बेदखल करून मिळालेल्या जमिनीवर सुखाने म्हातारी झाली, दहा मुलांची आई होऊन, चर्चमध्ये दर रविवारी पहिल्या रांगेत बसून. ही दोन्ही सत्ये एकाच बाईची आहेत, आणि एकासाठी दुसरे झाकून ठेवले की तिचे चरित्र खोटे होते.

आजींनी आता घराण्याची एक छोटी पुस्तिका तयार केली आहे. पुढच्या मेळाव्यात ती नातवंडा-पतवंडांना वाटायची आहे. मसुदा वाचून त्यांचा एक भाचा चिडला. आमची खापरपणजी उपाशी पोरगी होती, तिच्या डोक्यावर जमिनीचे खापर का फोडता, असे त्याने लिहून कळवले. आजींनी त्याला शांतपणे उत्तर दिले की आपण खापर कोणावरच फोडत नाही, पण पेटीत किती परकर होते हे लिहायला आपल्याला लाज वाटत नसेल, तर भाडे कशातून गेले हे लिहायलाही वाटू नये. जमीनविक्रीचा मजकूर त्यांनी जहाजाच्या यादीच्या आधी घेतला आहे. गंडगाईच्या पानावर यारी आणि जॅकी जॅकी यांची नावे आहेत, आणि विल्टशरच्या दोन मुलांसाठी एक कोरी ओळ सोडली आहे. इंग्लंडमधल्या परगण्याच्या दप्तरखान्यात त्या मुलांचा शोध अजून चालू आहे. गरिबांना मदत वाटणाऱ्या तिथल्या पॅरिशच्या वह्यांत नवरा परागंदा झालेल्या बायकांच्या नावावर दर आठवड्याला दिलेल्या शिलिंगांच्या नोंदी असतात, आणि त्या वह्यांच्या प्रती मागवणारे पत्र आजींनी गेल्या महिन्यात धाडले आहे.